बेबीआत्याची गरगर

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आधी चहा मिळत नाही. आधी त्याला गरगर फिरवलं जातं.

थट्टा नाही. आमच्या अंगणात जांभळाचं झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीला एका जाड दोराने वेताची खुर्ची टांगलेली आहे. खुर्चीच्या पुढ्यात बांबूचा एक दांडा, खाली पाय ठेवायला दोन फळ्या. पाहुणा बसला की माझी आत्या खुर्चीला पीळ घालायला लागते. दोराला गाठी पडेपर्यंत. पाहुणा कसनुसं हसत विचारतो, "हे काय आहे?"

"विमान," आत्या म्हणते, आणि सोडून देते.

पुढचं दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय, तरी दरवेळी हातातलं काम टाकून बघायला येतो. चिकूची झाडं, विहीर, पंपाची खोली, आत्या, परत चिकूची झाडं. पाहुणा दांडा पोटाशी आवळून धरतो, डोळे मिटतो, आणि आत्या ओरडत असते, "ओढू नकोस! अरे ओढू नकोस दांडा! पॉवर बंद! हात मधे! पाय उलटा! दांडा पुढे!"

ही चार वाक्यं याच क्रमाने, मोठ्याने म्हटली की ती खुर्ची धरते आणि आतून चहा येतो. क्रम चुकला की पुन्हा पीळ. माझे एक साडू इतक्यांदा चुकले, की शेवटी चहा न घेताच गेले. "त्यांना विमानात बसवू नका," आत्याने माझ्या बायकोला बजावलं, "प्रवासी म्हणूनसुद्धा."

पोस्टमन फिरलाय. बँकेचे साहेब फिरलेत, त्यांचा चष्मा शेवटी विहिरीच्या कठड्यावर सापडला. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेला मुलगासुद्धा फिरला. सगळं घर ओशाळं होऊन उभं, आणि आत्या त्याला पीळ घालतेय. पोरगा पांढराफटक पडला, पण सुटल्यासुटल्या त्याने दांड्यावरचे हात सैल सोडले. आत्याने तिथल्या तिथे निकाल दिला. "घाबरला, पण हात सोडला. देऊन टाका मुलगी." दिली. उत्तम चाललंय त्यांचं.

आता ही बाई कोण, हे सांगायला हवं. बेबीआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. डहाणू आणि बोर्डीच्या मधे आमची चिकूची वाडी आहे. त्या वाडीत जन्मलेली, शेंडेफळ म्हणून बेबी. नाव बेबी आणि धंदा विमान शिकवण्याचा. आमच्या भागातल्या मुली शिकून मास्तरणी व्हायच्या, फार तर नर्स. ही सायकल शिकली, मग आजोबांची जीप शिकली, आणि मग एक दिवस पिशवी भरून सरळ गुजरातेत एका फ्लाइंग क्लबात जाऊन बसली. आजोबांनी वर्षभर तिचं नाव काढलं नाही. मग एके दिवशी ती विमान घेऊन वाडीवरून गेली. पंख हलवले, खालची माणसं ओरडली, आणि आजोबा तोडणीला आलेल्या गड्यांना सांगायला लागले, "ती माझी बेबी. नीट बघा. माझी."

तेव्हापासून आमच्या घराण्यात अभिमान हा वंशपरंपरेने चालत आलेला आजार आहे. मलाही आहे. मी चिकूच्या पेट्या दिल्लीला पाठवतो, पण कोणी विचारलं काय करता, तर मी आधी सांगतो, "माझी आत्या पायलट." माझं नंतर.

पन्नाशीनंतर ती क्लब सोडून वाडीत परत आली. का आलीस विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला." कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला काळा चष्मा. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पंपवाल्याला ओरडायची. तिचा आवाज ऐकला की आमच्याकडे उजाडतं.

विमान सुटलं, पण शिकवणं काही सुटलं नाही. दोघांच्या विमानात म्हणे गुरू आणि चेला, दोघांपुढे दांडा असतो. गुरूला विमान आपल्या हातात घ्यायचं असलं की तो म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." चेल्याकडे सोपवायचं असलं की म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." आत्याला यातलं पहिलंच वाक्य येतं, अशी आमची खात्री होती. माझी बायको शैला आमटी ढवळत असली की मागून आवाज यायचा, "आय हॅव कंट्रोल," आणि पळी गेली. मी जीप चालवत असलो की तलासरीच्या वळणावर तिचा हात स्टिअरिंगवर. "आत्या, मी चालवतोय!" "दिसतंय. म्हणूनच." दुसरं वाक्य तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. पळी परत मिळायची ती जेवण झाल्यावर, धुवायला.

आणि तिचा सगळा जीव कशात, तर स्पिनमध्ये. मला समजलं तेवढं सांगतो. विमानाचा वेग फार कमी झाला आणि नाक वर राहिलं, की पंख हवेला धरून ठेवत नाहीत. एक पंख आधी पडतो. मग विमान स्वतःभोवती गरगरत खाली यायला लागतं. समोरच्या काचेत आकाश नसतं, जमीन असते आणि ती फिरत असते. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस काय करेल? दांडा जिवाच्या आकांताने मागे ओढेल, नाक वर काढायला बघेल. आणि तसं केलं की सुटका नाही. सुटायचं तर इंजिनाचा जोर काढायचा, हात मधे आणायचे, विमान ज्या बाजूला फिरतंय त्याच्या उलटा पाय दाबायचा, आणि दांडा पुढे ढकलायचा. पडत असताना, जमिनीकडे.

"हे माणसाच्या स्वभावात नाही," आत्या म्हणायची. "म्हणून हे शिकवावंच लागतं. वाचून येत नाही. सक्तीचं पाहिजे. विमान शिकणाऱ्या प्रत्येक पोराला. सक्तीचं!"

हे ती कोणालाही सांगायची. गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर एकदा आमचा ट्रक रांगेत अडकला. मी कागद दाखवून परत येतो तर आत्या ढाब्यावरच्या खाटेवर बसलेली, भोवती ट्रकड्रायव्हर, आणि तिच्या हातात रोटी गरगरत खाली येतेय. सगळे श्वास रोखून बघत होते. रोटी वाचली. एका राजस्थानी ड्रायव्हरने फार अदबीने विचारलं, "माँजी, ट्रक में उलटा पैर किधर दबाना है?" आत्याने त्याला अर्धा तास दिला. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

कोसबाडला शाळेच्या कार्यक्रमात तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. विषय दिला होता, "मुलींनो, उंच उडा." आत्या उभी राहिली. "उंच उडा म्हणून सगळेच सांगतात. पडायचं कसं, ते कोणी सांगत नाही. मी सांगते." आणि तासभर सांगितलं. नंतर मुलींचा तारप्याचा नाच होता. एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग आत आत गुंडाळत गेली, मग मधला तारपा वाजवणारा वळला आणि तीच रांग उलगडत बाहेर आली. आत्या खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत ओरडली, "बघा! बघा! सुटली ना? आणि विमानखात्याच्या दिल्लीवाल्यांना म्हणे हे अवघड वाटतं!"

नवा पालघर जिल्हा झाला त्या वर्षीची आमची ग्रामसभा तर गावात अजून सांगतात. पाण्याची टाकी झाली, रस्त्यावरचे दिवे झाले, लोक उठायच्या बेतात, तेवढ्यात आत्या उभी. "ठराव मांडते. विद्यार्थी वैमानिकांना स्पिनमधून बाहेर येण्याचं प्रत्यक्ष शिक्षण सक्तीचं करावं."

ग्रामसेवक नवीन होते. "बाई, पण आपल्या गावात विमान कुठंय?"

"म्हणून तर विरोध होणार नाही. लिही."

सरपंचांनी सभेकडे पाहिलं. सभेने घड्याळाकडे पाहिलं. ठराव एकमताने मंजूर. बंदरावरच्या एका म्हाताऱ्याने जाता जाता विचारलं, "बेबीबाय, यातून आपल्याला काय मिळतंय का?" आत्या म्हणाली, "अक्कल." ठराव दिल्लीला गेला. दिल्लीचं अजून उत्तर यायचंय. पण सक्ती करायला सगळ्यात आधी आमचं गाव तयार होतं, हे मी कोणालाही अभिमानाने सांगतो.

घरातल्या भांडणांनाही हाच इलाज. माझा आणि शैलाचा आवाज चढला की ओसरीवरून हाक यायची, "नंदू, पॉवर बंद!" म्हणजे आवाज कमी. "हात मधे!" म्हणजे हातवारे बंद. "पाय उलटा!" म्हणजे मी अंगणात जायचं. आणि थोड्या वेळाने, "आता दांडा पुढे!" म्हणजे ज्या विषयाला मी बगल देत होतो, तोच विषय जाऊन काढायचा. हे शेवटचं मला कधी आवडलं नाही. पण संसार टिकलाय.

तर अशा घरात माझी मुलगी मृणाल वाढली. चालायला लागली ती त्या खुर्चीला धरून. ती पायलट होणार यात कोणाला नवल वाटलं नाही. बारावी झाली आणि गुजरातेतल्या एका अकादमीत गेली. तिथले मुख्य शिक्षक कॅप्टन परेश, आत्याचेच जुने चेले. आत्या निर्धास्त होती. फोनवर रोज एकच प्रश्न, "स्पिन शिकवली?" रोज एकच उत्तर, "फळ्यावर शिकवली, आत्याआजी." फळ्यावर शब्द ऐकला की आत्या फोन माझ्या हातात द्यायची.

दोन हजार सतराच्या थंडीत मृणाल अचानक घरी आली. बॅग ओसरीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी परत जाणार नाही."

हळूहळू कळलं. वर सराव चालू होता. वेग कमी करून विमान पडायच्या बेतात आणायचं आणि सावरायचं, एवढाच धडा. त्या दिवशी डावा पंख झपकन खाली गेला. हिने दांडा ओढला. ओढतच राहिली. परेशसर ओरडले, "सोड!" सुटेना. त्यांनी तिच्या ताकदीच्या वर ताकद लावून विमान सरळ केलं. स्पिनपर्यंत गेलंही नाही. पण हिच्या मनात मात्र ते विमान अजून पडतच होतं.

"माझे हात माझं ऐकत नव्हते, बाबा," ती म्हणाली. "परत नाही ऐकले तर?"

मला वाटलं, आता आत्या हिला खुर्चीत बसवणार. आत्याने काही केलं नाही. तिच्या खोलीत मृणालसाठी दुसरा पलंग टाकला. खुर्चीचं नाव काढलं नाही, चार वाक्यांतलं एकही म्हटलं नाही. चार दिवस अंगणात इतकी शांतता होती की शेजारी विचारायला आले, बेबीबाय आजारी आहे का.

रविवारी कॅप्टन परेश स्वतः आले. उंच, टक्कल पडलेले, हसरे गृहस्थ. आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते, म्हणजे खुर्ची आलीच. ते बसले, आत्याने पीळ घातला, आणि तिने सोडायच्या आधीच ते जोरात ओरडले, "पॉवर बंद, हात मधे, पाय उलटा, दांडा पुढे! मॅडम, चहा!"

"अजून घाबरतोस का रे?"

"फक्त तुम्हाला, मॅडम."

जेवायला उकडहंडी होती. कंद, शेंगा, रताळी, मडक्यात भरून निखाऱ्यावर शिजवलेली. मडकं उघडलं आणि वाद सुरू झाला.

"काय रे परेश, फळ्यावर पोहायला शिकवतोस म्हणे?"

"मॅडम, आमच्या विमानांच्या पुस्तकातच लिहिलंय, स्पिन करायची नाही. मी काय करू?"

"करता येतं असं विमान आण."

"आणि दुसरी गोष्ट सांगतो, रागवू नका. पोरं मरतात कुठे? वर नाही मरत. उतरायच्या आधीच्या शेवटच्या वळणावर मरतात, धावपट्टीच्या तोंडाशी. तिथे खाली उंची किती? तुमचं पहिलं वाक्य म्हणेपर्यंत खेळ खलास. म्हणून मी जीव तोडून एवढंच शिकवतो, की त्यात जाऊच नका. वेग बघा. विमान अंग चोरायला लागलं की ओळखा."

"म्हणजे पाण्याजवळ जाऊ नको, एवढं सांगून पोहणं शिकवायचं."

परेशसरांनी घास खाली ठेवला. "आणि पोहायला शिकवतानाच पोरं बुडायला लागली तर, मॅडम? आपल्या वेळी शिकवता शिकवता किती गेले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

आत्या वादात गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली. शैलाने उगीचच सगळ्यांना तूप वाढलं.

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "म्हणून तर म्हणते, धड विमानात, भरपूर उंचीवर, भल्या माणसाबरोबर. तू जाऊ नका शिकवतोस ते शिकव. ते आधी. पण परेश, कितीही सांगितलं तरी माणूस एखादे वेळी त्यात जातो. आणि गेला की त्याला वाटतं, हे फक्त मलाच होतंय. तिथे हात गोठतात. जमिनीला भिऊन नाही गोठत रे. एकट्याला होतंय असं वाटून गोठतात. एकदा कोणाबरोबर तरी फिरून आला की ते वाटणं मोडतं. मला तेवढं सक्तीचं पाहिजे."

परेशसरांनी खाली ठेवलेला घास उचलला. मग म्हणाले, "आपल्या जुन्या क्लबात ते जुनं विमान अजून आहे. स्पिन करायला परवानगी असलेलं. मृणाल म्हणाली तर मी स्वतः तिच्याबरोबर जाईन."

"आत्या, आमची एकच पोरगी आहे," शैला म्हणाली.

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

सगळे मृणालकडे बघायला लागले. ती इतका वेळ ताटात रताळं इकडून तिकडे ढकलत होती. तिने मान वर केली आणि आत्यालाच विचारलं, "आत्याआजी, गावातल्या सगळ्यांना फिरवलंस. तू कधी का बसत नाहीस खुर्चीत? बस ना आज. मी पीळ घालते."

परेशसर सोडून आम्ही सगळे हसलो.

"मला कामं आहेत," आत्या म्हणाली, आणि पानावरून उठून गेली. ताटात उकडहंडी तशीच. आमच्या घरात अन्न टाकलं तर सगळ्यात जास्त ओरडणारी तीच.

मृणालचा चेहरा उतरला. रात्री मी शैलाला म्हटलं, झालं, आता ही नाही जात. मनातल्या मनात, खरं सांगतो, मला बरंही वाटलं. मुलगी पायलट असल्याचा अभिमान जमिनीवरून बाळगायला सोपा असतो.

सकाळी मृणाल स्वयंपाकघरात आली, चहा घेतला आणि म्हणाली, "मी करणार. परेशसरांना फोन करा."

काय झालं विचारलं तर सांगेना.

ठरल्या दिवशी आम्ही क्लबात गेलो. आत्या आली नाही. "तोडणी आहे," म्हणाली. तोडणी आदल्याच दिवशी झाली होती. शैला आणि मी पत्र्याच्या शेडखाली उभे. विमान जुनं, पिवळं, रंग उडालेलं. उडालं आणि वर वर जात एका ठिपक्याएवढं झालं. मग इंजिनाचा आवाज बसला.

ठिपक्याने नाक वर केलं, थांबल्यासारखा झाला, आणि एका अंगावर पडून फिरायला लागला.

शैलाने डोळे घट्ट मिटले. "थांबलं का?"

"नाही."

"आता?"

"फिरतंय."

"अहो, आता?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मी पॉवर बंद, हात मधे, पाय उलटा म्हणत होतो. मोठ्याने. शेडमधला मेकॅनिक माझ्याकडे बघत होता. माझा पाय जमिनीवर इतका उलटा दाबलेला होता की चपलेचा अंगठा तुटला. "दांडा पुढे!" मी आकाशाकडे बघून ओरडलो, आणि तो ठिपका फिरायचा थांबला. सरळ खाली आला, मग अलगद वळण घेऊन वर निघाला. इंजिन परत बोलायला लागलं.

"थांबलं," मी म्हटलं. शैलाने डोळे उघडले आणि आधी माझ्या तुटलेल्या चपलेकडे पाहिलं.

परत वर गेले. परत फिरले. परेशसरांनी नंतर सांगितलं की पहिल्या खेपेला हात त्यांचे होते, नंतरच्या सगळ्या खेपांना तिचे. विमान उतरलं. मृणाल बाहेर आली, विमानाच्या मागे जाऊन ओकली, तोंड पुसत आली आणि हसायला लागली. मी तिथल्या मेकॅनिकला धरून सांगितलं, "ती माझी मृणाल. माझी." त्याने चहा पाजला. बिचारा न फिरवता पाजतो.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो. मृणाल माझ्या शेजारी बसली होती. भिलाड मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, आत्याआजी रोज सकाळी स्पिनमध्ये जाते."

मी गाडी हळू केली.

"मी हो म्हटलं ना, त्या सकाळी मला लवकर जाग आली. तिला वाटलं मी झोपलेय. ती पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हातांनी कड धरलेली. डोळे दाराच्या चौकटीवर रोखलेले, तरी सारखे घसरत होते. आणि हळू आवाजात म्हणत होती. पॉवर बंद. हात मधे. मग पाय जमिनीवर दाबले. पाय उलटा. बराच वेळ तशीच बसली. मग उठली, केस बांधले, आणि बाहेर जाऊन पंपवाल्याला ओरडायला लागली."

मागच्या सीटवर शैला एकदम सरळ झाली.

"परेशसरांना विचारलं आज, उडायच्या आधी," मृणाल म्हणाली. "त्यांना माहीत होतं. तिच्या कानातला तोल बिघडलाय. कूस बदलली, मान वळवली, की सगळं फिरायला लागतं. थोड्या वेळाने थांबतं, पण डॉक्टरांनी उडायची परवानगी काढून घेतली. म्हणून क्लब सुटला. सर म्हणाले, मॅडमनी कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

कंटाळा आला म्हणाली होती. इतकी वर्षं तिच्याच शेजारच्या खोलीत आम्ही राहत होतो.

"वर जमीन फिरायला लागली ना बाबा, तेव्हा माझे हात परत ओढायलाच निघाले," मृणाल म्हणाली. "मग मला वाटलं, आत्याआजी हे रोज करते. दात घासायच्या आधी."

आम्ही वाडीवर पोचलो.

आत्या फाटकात उभी होती. तोडणीचा पत्ता नव्हता. "कुठल्या बाजूला फिरलात?" एवढंच विचारलं.

"डावीकडे. सगळ्या खेपा."

"उजवीकडची राहिली. ती वेगळी असते. परत जाशील तेव्हा ती कर."

"करते. आता अकादमीत परत जायचंच आहे ना," मृणाल म्हणाली. आत्याने मान हलवली, काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लगबगीने आत गेली. ऊन केव्हाच उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेट्या भरायच्या होत्या म्हणून मी उठलो. आत्याच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आतला दिवा लावलेला. ती पलंगाच्या कडेला बसली होती, बोटं कडेत रुतलेली. समोर जमिनीवर मृणाल, मांडी घालून.

"झोप जा," आत्या दात आवळून म्हणाली. "आय हॅव कंट्रोल."

"माहीत आहे."

मृणाल हलली नाही. आत्याचे डोळे चौकटीवर चिकटायला बघत होते आणि घसरत होते. तिने एक हात उचलला, परत कड धरली, परत उचलला. मी दाराबाहेर उभा. आमच्या घरात पळी, स्टिअरिंग, ग्रामसभा, काही म्हणजे काही जिने कधी दुसऱ्याच्या हातात ठेवलं नाही, ती बाई अगदी लहान आवाजात म्हणाली,

"यू हॅव कंट्रोल."

"आय हॅव कंट्रोल," मृणाल म्हणाली, आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "पॉवर बंद, आत्याआजी. श्वास सोड. हात मधे. माझ्याकडे बघ, चौकटीकडे नको. आता पाय. घट्ट."

मी तिथून निघून आलो.

ट्रकमध्ये पेट्या चढत होत्या तेव्हा दोघी अंगणात आल्या. मृणालने तिचा कोपर धरला होता, आणि आत्याने तो धरू दिला होता. जांभळाखाली आल्यावर आत्या थांबली. खुर्चीकडे पाहिलं, दोर ओढून बघितला, आणि सावकाश बसली. कोणी पीळ घातला नाही. मृणाल आत गेली आणि चहाचा कप घेऊन आली.

पेट्या चढवणारे गडी हात थांबवून बघायला लागले. त्यांतला एक जण, तो पूर्वी दोनदा फिरलेला, तक्रारीच्या सुरात मला म्हणाला, "शेठ, बाईला न फिरवताच चहा?"

"गप, कामाला लाग," मी म्हटलं. "फिरून झालंय तिचं."